गाडी कधी खोलायची

दोधू मिस्तरीने लांब पेचकसाचं टोक इंजिनाच्या पुढच्या झाकणावर टेकवलं, त्याची लाकडी मूठ कानामागच्या हाडाला लावली आणि डोळे मिटले. डोळे मिटले की आवाज नीट कळतो, असं तो लोकांना सांगायचा. ते खरंच होतं. पण पंचावन्नी उलटल्यापासून चार क्षण डोळे मिटायला मिळतात म्हणूनही त्याला ते काम बरं वाटू लागलं होतं.

गाडी कोरीटच्या छगनभाऊंची होती. काळी, जुन्या इंग्रजी बनावटीची, एका कापसाच्या जिनवाल्याने वापरून सोडलेली. छगनभाऊ गुजर पाटलांपैकी, तापीकाठी त्यांची कापूस-केळीची शेती. गाडी त्यांनी हौसेने घेतली होती, पण गेल्या सहा महिन्यांत हौस कुठल्या कुठे गेली होती. आता ती गाडी एकाच कामाला जुंपलेली होती. दर सोमवारी सकाळी ती कोरीटहून निघायची, नंदुरबारला दोधूच्या गॅरेजपाशी थांबायची, मग विसरवाडी, नवापूर करत सुरतेला जायची आणि बुधवारी परत यायची. मागच्या सीटवर गादी अंथरलेली असे आणि गादीवर छगनभाऊंची बायको वत्सलाबाई पडलेली असे.

त्यांच्या पोटात गाठ होती. सुरतेचे डॉक्टर त्यावर विजेचा शेक देत. पहिल्यांदा छगनभाऊंनी आगगाडीने नेऊन पाहिलं होतं. नंदुरबारहून सरळ सुरतेची गाडी आहे, कुणीही तेच केलं असतं. पण डब्यातल्या गर्दीत, लाकडी बाकावर वत्सलाबाईंना दोनदा घेरी आली, आणि दुसऱ्या खेपेला तर त्यांना डब्यातून उचलून खाली घ्यावं लागलं. त्यानंतर छगनभाऊंनी आगगाडीचं नाव काढलं नाही.

दोधूने डोळे उघडले. छगनभाऊंना त्याने गॅस वाढवून एकदम सोडायला सांगितलं. त्यांनी तसं केलं. आवाज खाली येताना झाकणाच्या आत काहीतरी खुळखुळलं, डब्यात सुपारी हलवावी तसं, आणि लगेच थांबलं.

टायमिंग चेन ढिली झाली होती. इंजिनाच्या तोंडाशी दोन दातेरी चाकं असतात. खालचं चाक पिस्टनच्या दांड्याबरोबर फिरतं, वरचं चाक व्हॉल्व्ह उघडतं-मिटतं, आणि दोघांना एका चालीत बांधून ठेवते ती ही चेन. ती ढिली पडली तर गाडी चालते. ती दात सोडून घसरली, तर इंजिन जिथे असेल तिथे थांबतं आणि मग बैल जुंपल्याशिवाय जागचं हलत नाही. दोधूने हे छगनभाऊंना समजावून सांगितलं. छगनभाऊंनी ऐकून घेतलं आणि एकच विचारलं.

"कितला दिन चालई, दादा?"

"तसं सांगता येत नही, भाऊ. तुटाना पहिले ती आवाज करस. आते तिनी सांगाले सुरुवात करेल शे, एवढंच."

मग बदलायची म्हटलं तर काय, असं छगनभाऊंनी विचारलं. दोधूने हिशेब मांडला. चेन आणि दोन्ही चाकं मुंबईहून मागवावी लागतील. माल यायला दहा-बारा दिवस. पुढचा रेडिएटर काढायचा, झाकण खोलायचं, सगळं बसवायचं, त्याला तीन दिवस. म्हणजे गाडी पंधरा दिवस उभी. माल हातात आल्यावर खोलू म्हटलं तरी ते जमणार नव्हतं, कारण या इंजिनात दोन जातींची चाकं येत आणि आतलं चाक पाहिल्याशिवाय कुठलं मागवायचं ते कळत नव्हतं.

पंधरा दिवस म्हणजे दोन सोमवार. माल उशिरा आला तर तीन. छगनभाऊंनी मागच्या सीटकडे पाहिलं. वत्सलाबाई डोळ्यांवर पदर घेऊन पडल्या होत्या. आता नको, असं ते म्हणाले. अजून नऊ शेक राहिलेत. ते झाले की गाडी खोलू, नाहीतर दिवाळीनंतर बघू. दोधूलाही ते पटलं. आवाज सुरुवातीचा होता. हजार-दोन हजार मैल सहज निघतील, कदाचित त्याहून जास्तच. पण दर खेपेला निघण्यापूर्वी मला ऐकू द्या, असं त्याने बजावलं. खुळखुळ एकसारखी व्हायला लागली तर त्या दिवशी गाडी पुढे न्यायची नाही.

अशा रीतीने दर सोमवारचा तो पायंडा पडला. महाराष्ट्र-गुजरात वेगळे होऊन दीड वर्ष झालं होतं, पण नवापूरच्या पुढे रस्ता काही वेगळा झाला नव्हता. तेच खड्डे, तीच खडी. गाडी जायची आणि यायची. सोमवारी सकाळी सात-साडेसातला ती स्टेशनच्या रस्त्याला वळली की दोधू हातातलं काम ठेवून उठायचा. त्याचे गुडघे धरलेले असायचे. तो पेचकस घ्यायचा, ऐकायचा आणि सांगायचा की आज जाऊ द्या. छगनभाऊ मान हलवायचे, बॉनेट स्वतः बंद करायचे आणि जायचे.

पाचव्या-सहाव्या खेपेला दोधूच्या लक्षात आलं की या ऐकण्याने आपण थकत चाललो आहोत. काम दोन मिनिटांचं होतं. पण सोमवारी त्याने जाऊ द्या म्हटलं की बुधवारी गाडी परत दिसेपर्यंत त्याच्या डोक्यात ती चेन फिरत राहायची. विसरवाडीच्या पुढे जंगलात गाडी थांबली तर? दुपारच्या उन्हात त्या बाईला झाडाखाली निजवावं लागलं तर? उद्या लोक म्हणतील, मिस्तरीने सांगितलं होतं चालेल म्हणून. कधी कधी त्याला वाटे, एकदाचा आवाज इतका वाढावा की ऐकायची गरजच पडू नये.

छगनभाऊही पार खंगले होते. पूर्वी हा माणूस दोन बोटांत टोपी नीट करून हसत बोलायचा. आता दाढी दोन-दोन दिवसांची असे. स्वतः गाडी चालवायचे, स्वतः बायकोला उचलून दवाखान्याच्या पायऱ्या चढवायचे, रात्री सुरतेला दूरच्या नातलगाच्या ओसरीवर पडायचे, आणि परत आल्यावर शेतीचं बघायचे. एकदा तर दोधू ऐकत असताना ते मडगार्डला टेकून उभ्या उभ्या पेंगले. दोधूने त्यांना हाक मारली नाही. थोडा वेळ पेचकस तसाच कानाला लावून उभा राहिला.

वत्सलाबाईंशी त्याचं बोलणं असं कधी झालंच नव्हतं. नमस्कार, बस. आधी त्या उठून बसायच्या, पदर सावरायच्या. पुढे पुढे पडल्या पडल्याच हात जोडू लागल्या. त्यांचा रंग काळवंडला होता, मनगटावरच्या बांगड्या कोपरापर्यंत सरकायच्या. शेक घेतला की चार दिवस अन्न ठरत नाही, असं छगनभाऊ सांगायचे. पाचव्या दिवशी जरा पेज जाते, सहाव्या दिवशी उठून बसते, आणि सातव्या दिवशी पुन्हा गाडीत.

कार्तिक संपत आला होता. त्या सोमवारी छगनभाऊ गाडी उभी करून समोरच्या रस्त्याला औषधाच्या दुकानात गेले. दुकान उघडायचं होतं, म्हणून ते पायरीवर बसून राहिले. दोधूने बॉनेट उचललं. इतक्यात मागून हाक आली.

"मिस्तरीदादा."

तो हात पुसत खिडकीशी गेला. वत्सलाबाई कोपरावर जोर देऊन थोड्या वर झाल्या होत्या. त्यांनी आधी औषधाच्या दुकानाकडे पाहून घेतलं.

"त्या चेनना आवाज माले बी ऐकू येस," त्या म्हणाल्या. "मी मांगे पडेल ऱ्हास. माले दुसरं काय काम शे?"

दोधूला वाटलं, त्या घाबरल्या आहेत. त्याने त्यांना धीर दिला. चेन अजून बरी आहे, आज काही होणार नाही, असं सांगितलं. वत्सलाबाईंनी मान हलवली. त्यांना ते ऐकायचं नव्हतं.

"तुम्ही त्यास्ले सांगी द्या, चेन गयी म्हनीसन. गाडी खोली टाका."

दोधूचं हात पुसणं थांबलं. मग त्यांनी हळूहळू सांगितलं. बोलताना मध्ये थांबावं लागत होतं. पंधरा दिवस त्यांना घरी राहायचं होतं. शेतात कापूस वेचणं चाललं होतं आणि त्यांनी या वर्षी एक बोंड हातात धरलं नव्हतं. ओट्यावर उन्हात बसावं, वेचणाऱ्या बायका संध्याकाळी येतात त्यांच्याशी दोन शब्द बोलावेत, जमलं तर आपल्या हाताने एक भाकर थापावी, एवढंच त्यांच्या मनात होतं. पण नवऱ्याला हे सांगता येत नव्हतं. त्यांनी तोंड उघडलं की छगनभाऊ म्हणत, आता थोडेच राहिलेत. तीनच राहिलेत. मग डॉक्टरांनी आणखी सहा वाढवले, तेव्हाही छगनभाऊ म्हणाले की सहाच तर आहेत. हा माणूस आठ महिने आपल्यासाठी मरतोय, त्याच्या तोंडावर नको कसं म्हणायचं?

"मी थकी गऊ, दादा," त्या म्हणाल्या. "पन मन्हा तोंडमा तो शब्द येत नही."

दोधूला सुचलं ते त्याच्या धंद्याचं होतं, तेच तो बोलला. "इंजिनबद्दल मी खोटं बोलत नही, वहिनी."

वत्सलाबाईंनी त्याच्याकडे क्षणभर पाहिलं. राग नव्हता. बरं, असं म्हणून त्या पुन्हा गादीवर आडव्या झाल्या आणि डोळ्यांवर पदर घेतला.

छगनभाऊ बाटली घेऊन आले. दोधूने ऐकलं. आवाज मागच्या सोमवारइतकाच होता, कणभरही वाढला नव्हता. तशीच आहे, असं त्याने सांगितलं. गाडी गेली.

दोधू खोटं बोलत नव्हता याला कारण होतं. तो पंचविशीचा असताना एका जिनिंग फॅक्टरीत फिटर होता. इंजिनघरातून निघालेला लांब पट्टा भिंतीतून येऊन सगळ्या जिनांना, म्हणजे सरकी काढणाऱ्या यंत्रांना, फिरवायचा. एका हंगामात पट्ट्याच्या जोडाची शिवण उसवू लागली. दोधूने व्यवस्थापकाला दाखवलं. हंगामाचे आठच दिवस उरले होते. व्यवस्थापकाने सांगितलं, आता थांबवायचं नाही, माणसांना सांग चालेल म्हणून. पट्ट्याजवळच्या जिनावर जान्या नावाचा गडी उभा असायचा. त्याने पट्ट्याकडे बोट करून विचारलं, तेव्हा दोधूने सांगितलं की चालेल. तिसऱ्या दिवशी जोड सुटला आणि पट्ट्याच्या टोकाने जान्याचा उजवा हात कोपरापासून नेला. जान्याने दोधूला कधी बोल लावला नाही. बाजारात भेटला की डाव्या हाताने रामराम करायचा. तो रामराम घेणं दोधूला फार जड जायचं. त्यानंतर त्याने कुठल्याही यंत्राबद्दल आहे त्यापेक्षा बरं किंवा वाईट सांगितलं नव्हतं, आणि सगळ्या तालुक्यात त्याच्या शब्दाला जी किंमत होती ती त्यामुळेच होती.

त्या बुधवारी परतीच्या वाटेवर गाडी थांबली नाही. नुसती समोरून गेली. दोधूला मागच्या काचेतून गादीचा कोपरा दिसला.

गुरुवारी जेवताना त्याने बायकोला, मंगलाबाईला, हे सगळं सांगितलं. तो घरी गॅरेजचं बोलणं कधी काढत नसे. मंगलाबाई पोळी शेकत ऐकत होती. आपण जे बोललो ते बरोबरच होतं, असं तो सांगत होता. आज वाईट नसलेल्या चेनला वाईट म्हटलं, तर उद्या आपल्या कानावर कोण विसंबेल? शिवाय औषधोपचार थांबवण्याची गोष्ट. त्यात आपण पडणारे कोण? उद्या त्या बाईचं काही बरंवाईट झालं तर?

मंगलाबाईने पोळी त्याच्या ताटात टाकली. "तिले कोन्ही ईचारं का?" ती म्हणाली.

दोधूने वर पाहिलं.

आठ महिने तिला सुरतेला नेताहेत, मंगलाबाई म्हणाली, तिला कुणी एकदा तरी विचारलं का, की बाई, तुला जायचं आहे का? तुम्ही सगळे चेनला विचारता. एवढं बोलून ती दुसरी पोळी लाटू लागली.

दोधू जेवून उठला, पण दोन दिवस त्याचं कामात लक्ष लागलं नाही. एका ट्रकचं गॅस्केट त्याने उलटं बसवलं आणि पुन्हा काढून सुलटं केलं. खरं सांगायचं तर तो चिडला होता. आयुष्यभर त्याला लोक यंत्रांबद्दल विचारत आले होते आणि ते त्याला झेपत होतं. यंत्राचं खरं एकच असतं. आता जे ओझं त्याच्या डोक्यावर आलं होतं ते त्याला नको होतं. छगनभाऊंना सरळ सांगावं, तर त्या बाईने विश्वासाने सांगितलेलं उघडं करणं आलं. न सांगावं, तर सोमवार येतोच आहे.

सोमवार आला. गाडी वळली. छगनभाऊंनी बॉनेट उचललं. दोधूने पेचकस टेकवला, मूठ कानामागे लावली, डोळे मिटले. गॅस वाढला, सोडला. खुळखुळ आली आणि थांबली. तशीच होती. या चेनवर सुरतेच्या आणखी दहा खेपा झाल्या असत्या.

तो बराच वेळ तसाच राहिला. छगनभाऊंना वाटलं, काहीतरी वेगळं ऐकू येतंय. त्यांनी आणखी एकदा गॅस द्यायचा का, असं विचारलं. दोधूने हाताने नको म्हटलं. मग तो उभा राहिला.

"भाऊ, आते गाडी खोलनी पडई."

"आवाज वाढना का?"

"हां," दोधू म्हणाला.

एवढंच. तो एक शब्द बोलायला त्याला तीस वर्षं लागली होती. आपलं तोंड बघून ते ओळखतील म्हणून त्याने खाली वाकून पेचकस पुसायला घेतला. छगनभाऊ इंजिनाकडे बघत राहिले. मग त्यांनी गाडी बंद केली. किल्ली काढून दोधूच्या हातात ठेवली. कोरीटला परत जायला त्यांनी स्टेशनवरून एक टांगा ठरवला आणि गादी टांग्यात अंथरून वत्सलाबाईंना उचलून तिच्यावर ठेवलं. जाताना वत्सलाबाईंनी दोधूकडे पाहिलं नाही. बरं केलं, असं दोधूला वाटलं.

त्याच दिवशी दुपारी त्याने इंजिन खोललं. रेडिएटर उतरवला, पुली काढली, झाकण सोडवलं. चेन हातात घेतली, रॉकेलमध्ये धुतली आणि आडवी धरली. झिजलेली चेन आडवी धरली की धनुष्यासारखी खाली वाकते. ही वाकली, पण थोडीच. त्याने ती फडक्यावर ठेवली. चाकांवरचे दात मोजले, मुंबईच्या दुकानाला पत्र लिहिलं आणि टपालात टाकलं.

चौथ्या दिवशी छगनभाऊ आले. बसने आले होते, धुळीने माखले होते. माल कधी येतो ते विचारायला आलोय, असं म्हणाले. दोधू एका जीपखाली होता. तो बाहेर यायच्या आत छगनभाऊ आपल्या गाडीपाशी गेले. उघड्या इंजिनाशेजारी फडक्यावर चेन होती. त्यांनी ती उचलली. शेतकरी माणूस, पण इतके सोमवार दोधूच्या शेजारी उभं राहून त्यांना बरंच समजू लागलं होतं. त्यांनी ती आडवी धरली आणि बघत राहिले.

दोधू गुडघ्यांवर हात टेकवत उठला. छगनभाऊंनी चेन खाली ठेवली नव्हती.

"ही तं आजून चालती," ते म्हणाले.

"हां. चालती."

"तिनी सांगं?" छगनभाऊंनी मागच्या रिकाम्या सीटकडे पाहत विचारलं.

दोधूने मान खाली घातली. छगनभाऊंचा चेहरा आधी लाल झाला. आता हा माणूस आपल्याला बोलणार, आणि बोलला तर ते बरोबरच असेल, असं दोधूला वाटलं. तो तयार होता. पण छगनभाऊंनी चेन फडक्यावर ठेवली, गाडीच्या पायरीवर बसले आणि दोन्ही हातांनी तोंड चोळलं. मग ते जमिनीकडे बघत बोलले.

"दर सोमवारले मी आठे गाडी उभी करू, तव्हय मन्हा मनमा काय ऱ्हाये, माहीत शे का तुमले? आज तरी मिस्तरी सांगी, गाडी खोलनी पडई."

दोधू त्यांच्या शेजारी बसला.

मग छगनभाऊंनी सांगितलं. दोन महिन्यांपूर्वीच डॉक्टरांच्या तोंडावरून त्यांना कळून चुकलं होतं. डॉक्टर गाठीबद्दल बोलायचे थांबले होते, फक्त पुढच्या मंगळवारी या म्हणत. पण थांबू असं आपण कसं म्हणायचं? बायको म्हणेल, याने हात टेकले. सासरचे-माहेरचे म्हणतील, गाडी दारात होती आणि नेलं नाही. आणि आपल्या स्वतःच्या मनाला काय सांगायचं? म्हणून ते गाडी काढत राहिले. दर खेपेला ती उलटी करायची, आणि ते रस्त्याच्या कडेला तिचं डोकं धरून उभे राहायचे, आणि पुन्हा गाडी सुरू करायचे. चेन तुटली तर बरं, असंही त्यांच्या मनात येऊन गेलं होतं. मग तेच देवाची क्षमा मागत.

घरी आता कसं आहे, असं दोधूने विचारलं. बरं आहे, छगनभाऊ म्हणाले. काल तिने अर्धी भाकर खाल्ली. दुखतं, पण रात्री जरा झोप लागते. ओट्यावर बसते. परवा वेचणाऱ्या बायकांना कापसातला कचरा काढत नाहीत म्हणून रागावलीसुद्धा. उठताना त्यांनी एकच मागितलं. आपल्याला कळलंय, हे वत्सलाबाईंना सांगायचं नाही.

माल तेराव्या दिवशी आला. दोधूने घाई केली नाही. चाकांवरच्या खुणा समोरासमोर आणल्या, नवी चेन चढवली, झाकण नवं गॅस्केट घालून बसवलं. इंजिन सुरू केलं तेव्हा ते इतकं शांत चाललं की त्याला काहीतरी राहून गेल्यासारखं वाटलं. दुसऱ्या दिवशी सकाळी तो स्वतःच गाडी घेऊन कोरीटला गेला.

छगनभाऊंच्या घरापुढे कापसाचा ढीग पडला होता. वत्सलाबाई ओट्यावर भिंतीला पाठ लावून बसल्या होत्या, मांडीवर सूप होतं. त्या बऱ्या दिसत नव्हत्या. पोट आणखी वाढलं होतं, पाय सुजले होते. पण त्या बसलेल्या होत्या, आणि दोधूने त्यांना महिनाभरात बसलेलं पाहिलं नव्हतं. गाडी बघून त्यांचा हात सुपात थांबला. छगनभाऊ आतून बाहेर आले. त्यांनी गाडीकडे पाहिलं, दोधूकडे पाहिलं, आणि मग ओट्याच्या पायरीवर, बायकोच्या पायांशी, खाली बसले.

सुरतेहून डॉक्टरांचं कार्ड आलं होतं. गाडी बंद पडल्याचं छगनभाऊंनी कळवलं होतं, त्याचं उत्तर. दोनच ओळी होत्या. विश्रांती घेऊ द्या, पुढचं सवडीने बघू. छगनभाऊंनी ते वाचून दाखवलं. मग कार्ड घडी करून खिशात ठेवलं आणि विचारलं.

"सुरतले जानं शे का तुले?"

वत्सलाबाई नवऱ्याच्या तोंडाकडे बघत होत्या, जणू तो प्रश्न खरंच विचारला आहे की नाही याची खात्री करून घेत होत्या. छगनभाऊ थांबून राहिले. त्यांनी दुसरं काही जोडलं नाही, थोडेच राहिलेत असंही म्हटलं नाही.

"नही," वत्सलाबाई म्हणाल्या. थोड्या वेळाने म्हणाल्या, "भाऊना घर लई चला."

माहेर सहा मैलांवर होतं, तापीच्याच काठाने खाली. आठ महिन्यांत सुरतेला तीसेक खेपा झाल्या होत्या, पण तिकडे त्या एकदाही गेल्या नव्हत्या. छगनभाऊ गादी आणायला आत वळताच वत्सलाबाईंनी नको म्हटलं. त्यांना पुढे बसायचं होतं. दोघांनी धरून त्यांना पुढच्या सीटवर बसवलं, पाठीशी दोन उशा दिल्या. छगनभाऊ चालवायला बसले. दोधूला त्यांनी मागे बसायला लावलं, परत जाताना नंदुरबारला सोडतो म्हणाले.

त्यानंतर वत्सलाबाई दोन महिने आणि काही दिवस जगल्या. शेवटचे पंधरा दिवस फार वाईट गेले. होळीच्या आधी त्या घरीच वारल्या. सुरतेला जात राहिलो असतो तर, हा विचार दोधूच्या मनात पुढेही आला. कधी आवाज ऐकायला डोळे मिटले की यायचा. छगनभाऊंच्याही मनात येत असणार, पण दोघे त्यावर कधी बोलले नाहीत, आणि ज्याचं उत्तर कुणाजवळ नव्हतं ते एकमेकांना विचारून काही मिळणार नव्हतं.

पण त्या दिवशी हे सगळं पुढे होतं. गाडी धुळीच्या रस्त्याने हळू गेली. वत्सलाबाई खिडकीतून कुणाचं शेत कसं आलंय ते बघत होत्या. एकदा त्यांनी थांबायला सांगितलं आणि बांधावरच्या एका म्हाताऱ्या बाईशी दोन शब्द बोलल्या. भावाच्या घरी पोहोचल्यावर भावजयीने त्यांना ओसरीत खाटेवर निजवलं. त्यांनी आमटीचे चार घोट घेतले आणि बोलता बोलता झोपल्या.

दुपार झाली. जेवणं झाली. दोधू निंबाखाली उभ्या असलेल्या गाडीपाशी आला, तेव्हा छगनभाऊ पुढच्या सीटवर बसले होते. स्टीअरिंगवर दोन्ही हात, त्यांवर डोकं. गाढ झोपले होते, तोंड थोडं उघडं होतं. ओसरीत वत्सलाबाईंचा श्वास संथ चालला होता. दोधूला नंदुरबारला परतायचं होतं, जीपवाला वाट बघत असणार होता. त्याने छगनभाऊंना हलवायला हात पुढे केला आणि मागे घेतला. मग निंबाच्या बुंध्याला पाठ टेकून तोही खाली बसला.